राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकायचंय? आधी डबा उलटा करून लेबल वाचा

घरात कोपऱ्यात लुकलुकत बसलेला राउटर म्हणजे एक अख्खा कंप्युटर असतो, एवढं एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंचसं सोपं जातं. त्यात प्रोसेसर आहे, रॅम आहे, हार्ड डिस्कच्या जागी नखाएवढी फ्लॅश चिप आहे, आणि गंमत म्हणजे बऱ्याच डब्यांमध्ये आधीपासून लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीमच चालू असते, फक्त कंपनीनं त्यावर स्वतःचं सेटिंगचं पान लावून बाकी सगळं बंद करून ठेवलेलं असतं. काही वर्षं अपडेट येतात, मग नवीन मॉडेल निघतं आणि जुन्याला कोणी विचारत नाही, डबा मात्र धडधाकट असतो. अशा डब्यावर ओपनडब्ल्यूआरटी टाकता येतं, म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या जागी बसणारं, लिनक्सवरचंच दुसरं सॉफ्टवेअर. फुकट आहे, सोर्स सगळ्यांना उघडा आहे, आणि कंपनीनं सोडून दिलेल्या हार्डवेअरला पुढेही सुरक्षा अपडेट मिळत राहतात.

यात लोक घाबरतात ते एकाच गोष्टीला, राउटर मेला तर? ब्रिक झाला, म्हणजे नुसती वीट होऊन बसला तर? म्हणून या लेखात मुख्य तेच सांगतो, राउटर कशानं मरतो आणि कशानं मरत नाही. फ्लॅश करणं, म्हणजे नवीन सॉफ्टवेअर त्या चिपवर लिहिणं, म्हणाल तर पाच-दहा मिनिटांचं काम आहे, फाईल द्या, बटण दाबा आणि हात बांधून बसा. खरी मेहनत त्याच्या आधीची, आपल्या हातात नेमका कुठला डबा आहे ते ओळखायची.

थोडा इतिहास, कारण ही ओळखण्याची भानगड तिथूनच सुरू होते. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर २००२ च्या शेवटी बाजारात आला. २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की आत लिनक्स आहे, आणि लिनक्सचं लायसन्स जीपीएल, म्हणजे वापरलंत आणि विकलंत तर गिऱ्हाईकाला कोड द्यावा लागतो. लिंक्सिसनं तो दिलाच नव्हता. खरं तर तो कोड लिंक्सिसचाही नव्हता, चिप ब्रॉडकॉमची, त्यावरचं सॉफ्टवेअर तैवानच्या सायबरटॅननं केलेलं, आणि लिंक्सिस कंपनी त्याच वर्षी सिस्कोनं ५० कोटी डॉलरला विकत घेतलेली, म्हणजे आयतं लचांड सिस्कोच्या गळ्यात. शेवटी कोड बाहेर आला आणि त्याच्या जोरावर जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. नावातलं डब्ल्यूआरटी त्या मॉडेलचंच. पुढे २०१६ मध्ये काही डेव्हलपर भांडून वेगळे झाले, त्यांनी लेडे नावाचा फाटा काढला, २०१८ च्या सुरुवातीला परत सगळे एकत्र आले. जुन्या आवृत्त्यांना कॉकटेलची नावं असायची आणि लॉगिन केल्यावर स्क्रीनवर त्या कॉकटेलची रेसिपी यायची, आता वर्ष आणि महिन्याचे आकडे असतात, २३.०५, २४.१० असे.

तर भानगड अशी. २००५ मध्ये लिंक्सिसनं याच डब्ल्यूआरटी५४जीची पाचवी आवृत्ती काढली. नाव तेच, खोका तोच, अँटेना त्याच, पण आतली फ्लॅश ४ एमबीवरून २ एमबी आणि रॅम १६ वरून ८ एमबी, आणि लिनक्सच्या जागी व्हीएक्सवर्क्स नावाची दुसरी, बंद सिस्टीम. नावाजलेलं मॉडेल म्हणून घेतलं आणि हातात भलतंच. मग लोकांची ओरड झाली म्हणून जुन्या हार्डवेअरचा वेगळा राउटर आला, जीएल नावाचा. राउटरच्या धंद्यात हा प्रकार आजही जसाच्या तसा चालू आहे. आपल्याकडे घराघरात दिसणारा टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन घ्या, त्याच्या १३ व्या आवृत्तीत ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम आहे, १४ व्या आवृत्तीत ४ एमबी आणि ३२ एमबी. पुढचा आकडा म्हणजे सुधारणा असं आपण धरून चालतो, इथे उलटं झालंय.

म्हणून डबा उलटा करा. खालच्या लेबलवर मॉडेलच्या शेजारी बारीक अक्षरात व्हर्जन लिहिलेलं असतं, मोबाईलनं फोटो काढून झूम करून वाचा, डोळे फोडू नका. मग ओपनडब्ल्यूआरटीच्या साईटवर जाऊन मॉडेल आणि व्हर्जन दोन्ही जुळतंय का ते बघा. एकाच मॉडेलची अमेरिकेतली आणि युरोपातली आवृत्तीसुद्धा आतून वेगळी असू शकते, टीपी-लिंकच्याच आर्चर सी६ च्या दुसऱ्या आवृत्तीचं तसंच आहे, एकीत १६ एमबी फ्लॅश, दुसरीत ८. तंतोतंत जुळत नसेल तर "जवळपास सारखाच आहे की" म्हणून फाईल टाकायची नाही. हा एक नियम पाळला तरी निम्मे अपघात टळतात.

मेमरीचं गणित साधं आहे. ४ एमबी फ्लॅश किंवा ३२ एमबी रॅमचे डबे आता बाद, १९.०७ ही आवृत्ती त्यांच्यासाठी शेवटची होती आणि तिला अपडेट येणं कधीच थांबलंय. ८ आणि ६४ वाले अजून कसेबसे चालतात पण वर काही टाकायला जागा उरत नाही. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असेल तर बिनधास्त पुढे जा. दुसरं म्हणजे चिप कोणाची ते बघा. क्वालकॉम अथेरॉस आणि मीडियाटेक यांच्या वायफायला उघडे ड्रायव्हर चांगले आहेत. ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर माझा सल्ला, सोडून द्या. ज्या ब्रॉडकॉमच्या डब्यावर हे सगळं सुरू झालं त्याच कंपनीच्या नव्या चिपांना धड ड्रायव्हर नाही, नशीब म्हणायचं. आणि हो, फायबर कंपनीनं घरी लावून दिलेला ओएनटी, म्हणजे फायबरची वायर ज्यात येते तो डबा, यात येत नाही. तो त्यांच्या मालकीचा असतो, त्यातली फायबरची बाजू त्यांच्या यंत्रणेशी जोडलेली असते, त्याला हात लावू नका. आपला राउटर त्याच्या पुढे जोडायचा.

आता आत काय असतं ते बघू, भीती इथेच जाते. उदाहरणाला टीपी-लिंकचा आर्चर सी७, दुसरी आवृत्ती घेऊ, सेकंडहँडमध्ये मिळतो आणि यावर लोकांनी इतकं काम केलंय की काही लपलेलं राहिलं नाही. १६ एमबीची फ्लॅश चिप, तिचे तीन तुकडे. पहिले १२८ केबी बूटलोडरचे, त्याचं नाव यू-बूट. शेवटचे ६४ केबी एआरटी नावाच्या तुकड्याचे. मधलं सगळं फर्मवेअरचं, म्हणजे राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. करंट लागला की आधी यू-बूट जागं होतं, मेमरी तपासतं आणि मधल्या तुकड्यातलं लिनक्स उचलून चालू करतं.

ओपनडब्ल्यूआरटी टाकताना बदलतो तो फक्त मधला तुकडा. म्हणजे मध्येच लाईट गेली, फाईल अर्धवट लिहिली गेली, काहीही झालं तरी यू-बूट जागच्या जागी असतं, आणि यू-बूट जिवंत तर राउटर जिवंत. लिनक्स चालू होणार नाही, दिवे वेड्यासारखे लुकलुकतील, पण परत फाईल देता येते, कशी ते पुढे सांगतो. खरा मरतो तो बूटलोडर खराब झाला की, आणि तोही अगदी कायमचा नाही, चिपवर क्लिप लावून प्रोग्रामरनं परत लिहिणारे लोक आहेत, पण ते आपलं काम नाही म्हणू.

एआरटी तुकड्याबद्दल फार कमी लोक बोलतात. त्यात वायफायचं कॅलिब्रेशन असतं, म्हणजे फॅक्टरीत त्या एका डब्याच्या रेडिओचं मोजमाप करून लिहिलेले आकडे, कुठल्या चॅनलला किती पॉवर वगैरे. हे प्रत्येक डब्याचं वेगळं. दुसऱ्याच्या डब्यातून कॉपी केलं तर वायफाय चालेल पण रेंज कुठे गेली म्हणून डोकं धराल. आणि सी७ मध्ये मॅक अॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवर त्या डब्याची ओळख सांगणारा आकडा, बूटलोडरच्या तुकड्याच्या शेवटाजवळ लपवून ठेवलाय. म्हणून ओपनडब्ल्यूआरटी चढलं की पहिल्या दिवशी एक काम करा, सेटिंगमध्ये बॅकअपच्या पानावर एमटीडी ब्लॉक, म्हणजे हे फ्लॅशचे तुकडे, सेव्ह करायची सोय आहे, तिथून यू-बूट आणि एआरटी दोन्ही उतरवून घ्या आणि स्वतःलाच मेल करून ठेवा. दोनशे केबीपण होत नाहीत.

मधल्या तुकड्याचे परत दोन भाग पडतात. एक स्क्वॅशएफएस, त्यात मूळ सिस्टीम दाबून भरलेली, ती फक्त वाचता येते. दुसरा उरलेल्या जागेत, ज्यात तुम्ही केलेले बदल जातात. छापील कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर लिहावं तसं हे आहे, वरून बघताना दोन्ही एकत्र दिसतं, पण खालचा कागद जसाच्या तसा. यामुळे सेटिंगमध्ये कितीही घोळ घातला तरी वरचा पेपर फाडून टाकला की सिस्टीम पहिल्या दिवसासारखी. याचाच एक तोटा असा की सिस्टीमसोबत आलेलं एखादं पॅकेज, म्हणजे छोटा प्रोग्राम, काढून टाकलं तरी जागा काही वाढत नाही, उलट "काढलं" ही नोंद ठेवायला थोडी जातेच. नवीन लोक यात हमखास गोंधळतात.

आता प्रत्यक्ष टाकणं. साईटवर प्रत्येक डब्यासाठी बहुतेक वेळा दोन फाईली दिसतात, एकीच्या नावात फॅक्टरी आणि दुसरीच्या नावात सिसअपग्रेड. कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा येताना फॅक्टरी, आणि एकदा ओपनडब्ल्यूआरटीवर आलात की पुढे कायम सिसअपग्रेड. फाईल उतरवली की तिचा शा२५६ चेकसम, म्हणजे फाईलमधून काढलेला तपासणीचा आकडा, साईटवरच्या आकड्याशी ताडून बघा, कंटाळा येतो पण अर्ध्या मिनिटाचं काम आहे. लॅपटॉप वायरनं जोडा, वायफायवरून हे उद्योग नकोत. ज्यांच्याकडे लोडशेडिंग आहे त्यांनी राउटरचा तो छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो तो लावावा, नाहीतर निदान लाईट जायची वेळ टाळून बसावं. फाईलचं नाव बदलून छोटं करा, काही कंपन्यांचं पान लांबलचक नाव बघून फाईल नाकारतं. मग कंपनीच्या पानावर जिथे फर्मवेअर अपग्रेड लिहिलंय तिथे ही फाईल द्या. टक्केवारी पुढे सरकेल, मग पान अडकल्यासारखं वाटेल, ब्राउझर एरर दाखवेल. यावेळी माणूस घाबरून प्लग काढतो. काढू नका. पाच मिनिटं थांबा, चहा करा.

पान अडकण्याचं कारण साधं आहे, पत्ता बदललाय. टीपी-लिंकचा जुना पत्ता १९२.१६८.०.१ होता, ओपनडब्ल्यूआरटीचा १९२.१६८.१.१. नेटवर्कची वायर काढून परत लावली की लॅपटॉपला नवीन पत्ता मिळतो आणि ब्राउझरमध्ये लुसीचं पान उघडतं, लुसी म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीची वेब बाजू. नाव रूट, पासवर्ड काहीच नाही. तिथल्या तिथे पासवर्ड टाका, इंटरनेटची वायर त्यानंतर. आणि वायफाय दिसत नाही म्हणून खचून जाऊ नका, ते मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, कारण पासवर्डशिवाय उघडं वायफाय कोणालाच नकोय. चालू करताना देश इंडिया निवडा, त्यावरून कुठले चॅनल आणि किती पॉवर वापरायची ते ठरतं. दुसऱ्या देशाचा कोड टाकून पॉवर वाढवायच्या युक्त्या लोक सांगतात. राउटर ओरडला तरी मोबाईलचा आवाज तेवढाच राहतो, त्यामुळे फायदाही नाही आणि नियमातही बसत नाही.

आता आपल्याकडची खास अडचण. ओएनटीचा पत्तापण बरेचदा १९२.१६८.१.१ असतो. दोन्हीकडे एकच पत्ता म्हटल्यावर राउटरला कळत नाही की पॅकेट कुठल्या बाजूला पाठवायचं, आणि इंटरनेट चालत नाही, आणि माणूस समजतो की फ्लॅशिंग बिघडलं. आपल्या बाजूचा पत्ता बदलून १९२.१६८.५.१ करा, काम झालं. हा बदल केल्यावर नव्वद सेकंदांच्या आत नवीन पत्त्यावर जाऊन पान उघडलं नाही तर लुसी आपोआप जुनी सेटिंग परत आणतं, ही सोय चांगली आहे पण माहीत नसेल तर वैताग येतो, बदललं बदललं आणि परत तेच. दुसरं, केबलवाल्याचं लोकल नेट असेल तर तिथे पीपीपीओई असतं, म्हणजे लॉगिन करून नेट जोडायची पद्धत, त्याचा युजरनेम पासवर्ड आधी कागदावर लिहून घ्या, कारण जुनं फर्मवेअर गेल्यावर ते कुठेच सापडणार नाही. काही जण मॅक अॅड्रेसही बांधून ठेवतात, जुन्या राउटरचा मॅक नव्यावर टाकायची सोय लुसीमध्ये आहे, किंवा सरळ फोन करून सांगा, दादा राउटर बदललाय, मॅक रीसेट करा. दोन मिनिटांत होतं. मूड चांगला असेल तर.

एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न घरचे विचारतातच. माझ्यापुरतं उत्तर एसक्यूएम, म्हणजे इंटरनेटच्या रांगेला शिस्त लावणारी सोय. घरात एकानं मोठा व्हिडिओ अपलोडला लावला की दुसऱ्याचा कॉल अडखळतो, स्पीड तर भरपूर आहे मग का? कारण मोडेममध्ये लांबलचक रांग साचते आणि कॉलचं इवलंसं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. एसक्यूएममध्ये केक नावाची पद्धत आहे, तिला लाईनच्या स्पीडच्या साधारण ९० टक्के आकडा द्यायचा, म्हणजे रांग मोडेममध्ये न साचता राउटरकडे येते आणि राउटर ती सगळ्यांना वाटून देतो. स्पीड टेस्टचा आकडा थोडा कमी दिसेल, कॉल मात्र तुटत नाही. पण ही गोष्ट प्रोसेसरवर चालते, आणि सी७ चा प्रोसेसर ७२० मेगाहर्ट्झचा. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये हार्डवेअरचा शॉर्टकट असतो तो इथे नाही, त्यामुळे ५०० एमबीपीएसची लाईन असेल तर सी७ ला घाम फुटेल. शंभरपर्यंतच्या लाईनला छान. मोठ्या लाईनला नवीन मीडियाटेकवाले डबे बघा.

बाकी बारीकसारीक. पॅकेजची यादी रॅममध्ये राहते, म्हणून रीस्टार्टनंतर काही टाकायला गेलात आणि सापडत नाही म्हणाला तर यादी अपडेट करायचं बटण परत दाबा. राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, लाईट जाऊन आली की वेळ जुनीच धरून बसतो आणि नेटवरून दुरुस्त करतो, तोपर्यंत लॉगमधल्या वेळा मनावर घेऊ नका. अपग्रेडमध्ये सेटिंग टिकते पण वरून टाकलेली पॅकेजं जातात, त्यांची यादी कुठेतरी लिहून ठेवा.

आता अडकलात तर. सेटिंग चुकून आत शिरताच येत नसेल तर फेलसेफ आहे, चालू होताना दिवा भरभर लुकलुकायला लागला की बटण दाबायचं, राउटर तुमचे बदल बाजूला ठेवून मूळ सिस्टीम उघडतो, लॅपटॉपला हातानं पत्ता देऊन आत जा आणि रीसेट करा. सिस्टीमच चालू होत नसेल तर टीएफटीपी, म्हणजे वायरवरून फाईल पाठवायची एक साधी पद्धत. सी७ मध्ये ते असं, लॅपटॉपला हातानं १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्या, टीएफटीपी सर्व्हर चालू करा, त्यात फर्मवेअरची फाईल यू-बूटला हव्या त्या नावानं ठेवा, लॅपटॉपचा फायरवॉल बंद करा, मग रीसेट बटण दाबून धरून राउटर चालू करा. यू-बूट स्वतः येऊन फाईल मागून नेतं. नव्वद टक्के वेळा हे न चालण्याचं कारण तो फायरवॉल किंवा फाईलच्या नावातली एखादी चूक. याहून खोल जायचं तर सिरियल, म्हणजे यू-बूटशी थेट बोलायची वाट, बोर्डवरच्या तीन पिनांना यूएसबी-टीटीएलची वायर, ३.३ व्होल्टची, पाचची नाही, आणि चौथी व्होल्टेजची पिन जोडायचीच नाही. ती वायर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाईन सहज मिळते.

आणि परत कंपनीच्या फर्मवेअरवर जायचं असेल तर एक खड्डा लक्षात ठेवा. टीपी-लिंकच्या मूळ फाईलच्या नावात बूट हा शब्द असेल तर त्या फाईलमध्ये बूटलोडरपण भरलेला असतो. ती ओपनडब्ल्यूआरटीवरून तशीच लिहिली तर मधल्या तुकड्यातलं सगळंच सरकतं आणि राउटर चालू होत नाही. आधी फाईलचे सुरुवातीचे १३१५८४ बाइट कापावे लागतात, म्हणजे ५१२ बाइटचं हेडर आणि मागोमाग १२८ केबीचं यू-बूट. नावात बूट नसलेली फाईल मिळाली तर तीच घ्या, कापाकापी टळते.